दुसऱ्या बाईचा आवाज

मले डायरेक्टर केलं ते रायपूरनं. दुसऱ्या कोण्या गावानं केलं नसतं, हे मी कोणालेही छाती ठोकून सांगतो. त्याच्या आधी मुंबईत तीन वर्षं घासली होती. एडिटिंगच्या खोलीत लोकाइच्या खुर्चीमागं उभं राहून काम शिकलो. हात चांगला बसला, पण तोंड उघडलं की पंचाईत. 'मले', 'तुले' निघालं की खोलीतली पोरं माना खाली घालून हसत. एकदा एका मराठी पिक्चरवाल्याकडं सहायक म्हणून काम मागाले गेलो, तर तो म्हणाला, "आधी शुद्ध बोलायला शिका, मग नटांना शिकवा." असा संताप आला बाप्पा, काय सांगू! बॅग भरली, वर्ध्याला परत आलो आणि महिनाभर घरात कोणाशी धड बोललो नाही.

तेवढ्यात ताईचा फोन आला. भाऊजी रेल्वेत, त्यामुळं ताई बारा-तेरा वर्षांपासून रायपूरला, गुढियारीत. ती म्हणाली, "अरे, इथं नवीन राज्य झालं ना! जो तो उठते अन् पिक्चर काढून राहिला. तू काहून तिथं माशा मारत बसला? ये इकडं." माय ओरडली. मी तिसऱ्या दिवशी रायपूरच्या फलाटावर उतरलो.

तेव्हाचं रायपूर म्हणजे नुकतं लग्न ठरलेलं घर. जिकडंतिकडं रंगरंगोटी, खोदाखोदी. काल जे साधं हॉटेल होतं, त्याच्या पाटीवर आज 'राजधानी' चढलेलं. छत्तीसगढी गाण्यांचे अल्बम धडाधड निघत होते आणि ते कापाजोडाले माणसं कमी होती. मी ताईच्या घराजवळ एका धान्याच्या गोदामावर खोली घेतली आणि मशीन मांडली. खाली दिवसभर हमाल पोती टाकत, मागच्या यार्डात मालगाडीचे डबे आदळत. मी कानाले हेडफोन लावून लग्नं कापली, उद्घाटनं कापली, गाणी तर किती कापली याचा हिशोब नाही. पाच-सहा वर्षं अशी गेली. कामासाठी कोणाच्या दारी जावं लागलं नाही. इथं माझ्या बोलण्याले कोणी हसत नव्हतं, कारण मी सगळ्यांशी हिंदीच बोलत होतो.

छत्तीसगढी मले पूर्ण समजायची. बोलता मात्र येत नव्हती. ताईची पोट्टी मराठीबद्दल तशीच. मी म्हणायचो, "काय व, जेवली का?" की ती म्हणणार, "हाँ मामा, खा लिया." तिले मी रागवायचो आणि स्वतः बाहेर जाऊन तेच करायचो.

मंग एक दिवस पिक्चर मिळाला. तेलीबांध्याकडं एका सळयांच्या व्यापाऱ्याचं नवीन ऑफिस होतं. शेठले पिक्चर काढायची हौस. माझे अल्बम त्यानं पाहिले होते. म्हणाला, डायरेक्शन तुम्ही करा, एडिटिंगही तुम्हीच करा. आनंदानं माझे कान गरम झाले. पण उठताना तो म्हणाला, "भैया, बस भाषा में गड़बड़ मत होने देना. आप बाहर के आदमी हो. लोग पहले वही पकड़ेंगे." तो काही वाईट हेतूनं बोलला नव्हता. पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. घरी आल्यावर ताईनं पेढे वाटले, अन् मी मात्र विचार करून राहिलो की उद्या पेपरात येईल, मराठी माणसानं आमच्या बोलीची वाट लावली.

गोष्ट साधी होती. मजुरीले परमुलखात गेलेला मुलगा आणि गावात राहिलेली त्याची आई. आईच्या कामासाठी एक शहरातली बाई ठरवली होती. शूटिंग बीरगावच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत होतं. तिथं मातीच्या भिंतीची थोडी घरं अजून शाबूत होती आणि मागून कारखान्यांच्या चिमण्या दिसू नयेत म्हणून आम्ही कॅमेरा खाली लावायचो. पहिल्याच दिवशी आमच्या बाईले मुलाले निरोप द्यायचा सीन जमेना. डोळ्यांत ग्लिसरीन टाकून ती भडाभडा रडे. बघ्यांमध्ये एक पन्नाशीची बाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. ती शेजारणीले म्हणाली, पण चांगलं मोठ्यानं, की पोटचं पोर परगावी निघालं तर आई असं रडते का कुठं? रडली तर त्याचा पाय निघेल का?

मी तिले पुढं बोलावलं. म्हटलं, मंग तुम्ही करून दाखवा. तिनं करून दाखवलं. ती रडलीच नाही, फक्त पोराच्या शर्टाची कॉलर सारखी करत बोलत राहिली. त्याच दुपारी मी शहरातल्या बाईले हात जोडले आणि आईचं काम हिले दिलं. तिकडं आईले दाई म्हणतात, मीही तिले दाईच म्हणाले लागलो.

दाई लगेच हो म्हणाली नाही. मले घरी घेऊन गेली. घरात तिचा नवरा खाटेवर बसला होता. काचबिंदूनं त्याची दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. जवानीत तो नाचाच्या पार्टीत होता. नाचा म्हणजे तिकडची गावोगाव रात्रभर चालणारी सोंगाड्यांची नाटकं. त्यात हा बायकांचे पार्ट करायचा आणि त्याच्या एका हाकेले अख्खं गाव रडायचं म्हणत. मी त्याले कका म्हणालो. ककानं सगळं ऐकून घेतलं. मंग मले विचारलं, "पिक्चर मा एखर आवाज आही न?" हिचा आवाज येईल ना? कारण पाहता तर त्याले येणार नव्हतं. ऐकता येणार होतं. मी म्हटलं, "हाँ कका, क्यों नहीं आएगा!" उचलली जीभ अन् लावली टाळ्याले. ककानं मान हलवली आणि मंगच दाई हो म्हणाली.

त्यानंतर रोज शूटिंगच्या आधी मी त्याच्या खाटेपाशी बसून दाईचे संवाद कागदावरून अडखळत वाचून दाखवायचो. तो ते तिच्याकडून घोकून घ्यायचा. कुठं थांबायचं, कुठं श्वास सोडायचा, कोणता शब्द गिळायचा, सगळं तोच ठरवायचा. एकदा तर मी दुसऱ्याकडून छत्तीसगढीत करून घेतलेलं वाक्य त्यानं मोडून टाकलं. म्हणाला, असं कोणी बोलत नाही, साहेब. मले राग आला होता. पण दाईनं त्याच्या पद्धतीनं म्हटलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हेही खरं. एकूण चार सीन आणि दहा-बारा वाक्यं. त्या म्हाताऱ्याचा दिवस त्यातच जाई.

आता डबिंगचं सांगतो. शूटिंगच्या वेळी जो आवाज रेकॉर्ड होते त्याले आम्ही पायलट म्हणतो. त्यात कुत्रे असतात, ट्रक असतात, माझंही ओरडणं असते. तो फक्त खुणेपुरता. नंतर स्टुडिओत नट पडद्यावर स्वतःचे ओठ पाहून तेच वाक्य पुन्हा बोलते आणि तो साफ आवाज पिक्चरमध्ये जाते. दाई डबिंगले आली. काचेच्या खोलीत उभी राहिली, कानाले हेडफोन लावला. पण तिचं वाक्य ओठांवर बसेना. दर वेळी ती वेगळं बोले. निरोपाच्या वाक्यात तर एका जागी ओठ पुढं जात अन् ही थांबून राहे. मी काचेतून हात हलवून सांगे, ती घाबरून मान हलवे, पुन्हा तेच. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी स्टुडिओवाला घड्याळ पाहाले लागला.

त्या स्टुडिओत रेडिओवर निवेदन करणारी एक बाई यायची. सुंदर आवाज, स्पष्ट उच्चार. तिनं दाईचं ऐकलं आणि मले बाजूले नेऊन म्हणाली, "ये रायपुर की छत्तीसगढ़ी नहीं है, सर. इनकी बोली बहुत देहाती है. लोग कहेंगे, डायरेक्टर को समझ नहीं थी." संपलं! शेठचं वाक्य, मुंबईवाल्याचं वाक्य, सारं एकदम डोक्यात आलं. मले भीती वाटली. दाईचा आवाज वाईट होता म्हणून नाही, मी बाहेरचा होतो म्हणून भीती वाटली. ज्याले स्वतःले छत्तीसगढीचं एक वाक्य सरळ बोलता येत नाही, तो मी, त्या बाईची बोली तपासाले बसलो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय?

मी त्या निवेदिकेकडून दाईचं सगळं डबिंग करून घेतलं. अर्ध्या दिवसात झालं. एकेक शब्द ओठांवर चपखल. डिस्कवर जागा कमी पडत होती, म्हणून पायलटही पुसून टाकला. हे मी स्वतःच्या हातानं केलं.

आणि दाईले सांगितलं नाही. सांगायले गेलो होतो, खोटं नाही बोलत. बीरगावले गेलो, तर कका खाटेवरून म्हणाला, आता फक्त टाकी उघडायची वाट. तिकडं सिनेमाच्या थिएटरले टाकी म्हणतात. दाईनं ताटात फरे वाढले, तांदळाच्या पिठाचे उकडलेले. मी ते खाल्ले, खिशातून पहिल्या दिवसाचे दोन पास काढून दिले आणि निघून आलो. ताईले सांगितलं तर ती चिडली. "तुले लाज नाही वाटली? त्या मुंबईवाल्यानं तुले जे केलं, तेच तू तिले केलं." मी म्हटलं, "तुले पिक्चरमधलं काय समजते?" मी तिच्यावर असा कधी ओरडलो नव्हतो.

पहिल्या दिवशी बाराचा शो. दाई नवीन लुगडं नेसून आली होती. ककानं पांढरा सदरा घातला होता, केसांले तेल लावून भांग पाडला होता. पाऱ्यातले बाकी लोक रविवारी येणार होते, त्या दिवशी हे दोघंच होते. मी मुद्दाम त्यांच्या मागच्या रांगेत बसलो. का बसलो, माहीत नाही. पळून जाले पाहिजे होतं.

दाई पडद्यावर आली. अंगण झाडत होती. मुलाले हाक मारली. निवेदिकेच्या आवाजात. समोर दाईची मान हलली नाही. फक्त डोक्यावरचा पदर तिनं हातानं घट्ट धरला. पडद्यावर तिचे ओठ हलत होते आणि ती स्वतःचे ओठ पाहून राहिली होती. कका कान पुढं करून, थोडा वाकून बसला होता. दुसरा सीन झाला, तिसरा झाला. इंटरवलच्या आधी त्यानं हळूच तिले विचारलं, "तोर पारी कब आही?" तुझी बारी कधी येईल?

ती म्हणाली, "आही." येईल.

इंटरवलमध्ये मी जागेवरून उठलो नाही. वाटलं, आता ती मागं वळून माझ्याकडं पाहील. तिनं पाहिलं नाही. पुढच्या भागात निरोपाचा सीन आला. लोक रडले. माझ्या शेजारचा माणूस नाक पुसत होता. मुंबईत असताना अशाच क्षणाची मी वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा मले वाटलं, धरती फाटावी अन् आपण आत जावं. कका शेवटपर्यंत कान देऊन बसला. शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू झाल्या, लोक उठले. तो उठला नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा दाई म्हणाली, "मोर वाला ला काट दिन." माझा पार्ट कापून टाकला. आणि त्याचा हात धरून ती त्याले जिन्याकडं घेऊन गेली.

पिक्चर चालला. सात आठवडे चालला. पेपरवाल्यांनी भाषेचं कौतुक केलं. शेठनं मले मिठी मारली. मी हसलो, फोटो काढले. पण जेवण गोड लागेना.

दोन महिन्यांनी पिक्चरची सीडी निघणार होती. मी ठरवलं की दाईच्या आवाजात पुन्हा डबिंग करायचं, ओठ जुळो न जुळो. शेठची परवानगी घेतली आणि बीरगावले गेलो. दाई पाऱ्याच्या बोअरिंगवर पाणी भरत होती. तिथंच तिले सगळं सांगितलं, माफी मागितली. ती ऐकत राहिली. मंग बादली खाली ठेवून म्हणाली, आता राहू द्या साहेब. म्हणाली, मी त्याले सांगितलं की पिक्चरमध्ये दोन आया होत्या, बोल सारखेच, त्यातला माझा पार्ट कापला. पिक्चर लांब असते, कापतात, त्याले पटलं. त्याच्या नाचातही रात्र सरत आली की पार्ट गाळत होते. पण आवाज बदलला हे कळलं तर तो म्हणेल, मी शिकवलेलं खोटं निघालं. त्यानं शिकवलं होतं ना. म्हणून सगळ्या पाऱ्याले सांगून ठेवलं आहे. लहान पोरांनाही. कोणी त्याच्यासमोर बोलत नाही.

सबंध पारा माझी चूक झाकून बसला होता. ज्या लोकांच्या बोलीची मले लाज वाटली, ते लोक! तिच्या घरी पाय ठेवायची माझी हिंमत नव्हती, पण तिची बादली दारापर्यंत नेऊन दिली, तर माझा आवाज ऐकून ककानं आतून हाक मारली. जावंच लागलं.

त्यानं माझा हात हातात घेतला. पिक्चर चांगला झाला म्हणाला. ती आई झालेली बाई चांगली बोलली, पण तिनं पोराले कधी जेवू घातलं नसेल, असं म्हणाला आणि हसला. दाई दारात उभी होती. मंग तो म्हणाला, माझ्या बायकोचं जे कापलं, ते एकदा ऐकाले मिळेल का? कॅमेरा नको, काही नको. तुम्ही डायरेक्टर आहात, तुम्ही सांगा, ती बोलेल.

मी दाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. हव, म्हणाली.

आयुष्यात मी हजारो वेळा 'अॅक्शन' म्हटलं असेल. त्या दिवशी तो शब्द कसाबसा म्हटला. दाई आत आली, समोर पोरगा उभा आहे असं समजून हात वर केला, त्याची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "जा बेटा. फेर चिट्ठी झन लिखबे, तैं खुदे आबे." जा बाळा. पण चिठ्ठी लिहू नको, तूच ये. मध्ये एका ठिकाणी ती थांबली, तिथंच तर डबिंगमध्ये ती दर वेळी चुकत होती. चुकत नव्हती. ककानं तिथंच थांबायले शिकवलं होतं. बाहेर कारखान्याचा भोंगा वाजला, तोही संपेपर्यंत आम्ही कोणी हललो नाही.

मंग माझ्या दिशेनं तोंड करून, तक्रार नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं ककानं विचारलं, "बने तो बोलिस, साहेब. काबर काटेव?"

चांगलं तर बोलली. काहून कापलं?

डबिंगच्या खोलीत माझ्याजवळ याची ढीगभर उत्तरं होती. दाई माझ्याकडं पाहून राहिली होती, हात जोडल्यासारखे छातीशी धरून. मी म्हटलं, "पिक्चर लंबी हो रही थी, कका."

त्यानं मान हलवली. "होथे," म्हणाला, होते असं कधी कधी. आणि माझा हात थोपटून म्हणाला की पुढच्या पिक्चरमध्ये तिले घ्या, लहानसा पार्ट द्या, पण आवाज राहू द्या.

मी हो म्हटलं. पुढचा पिक्चर मिळायले चार वर्षं लागली आणि कका त्याच्या आधीच गेला.